खिळे ठोकायची पट्टी

आमच्या घरात हातोडी नव्हती. पक्कड होती, तीन मापांचे स्क्रूड्रायव्हर होते, पाच मीटरची टेप होती, हातोडी मात्र नाही. कारण घर सरकारी. भोपाळच्या शिवाजी नगरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि बाबांचा नियम असा की सरकारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. भिंत आपली नाही, उद्या बदली झाली तर भोकं मागे ठेवून जाणं बरं दिसत नाही. ती बदली काही झाली नाही. मी जन्मले त्या क्वार्टरमध्येच अठरा वर्षांची झाले, पण आम्ही कायम उद्या निघायचंय अशा बेतानं राहिलो.

मग वस्तू टांगायच्या कशावर? आमच्याआधी जे कोणी राहून गेले त्यांच्या खिळ्यांवर. ते लोक बेधडक असावेत. एक खिळा स्वयंपाकघराच्या दारामागे होता, म्हणून घड्याळ तिथे. वेळ बघायची तर दार लावून घ्यावं लागे. देवांची तसबीर इतकी उंच की उदबत्ती ओवाळताना आई टाचा उचलायची आणि म्हणायची, आधीची बाई ताडमाड असणार. पुढच्या खोलीत दिवाण होता, तिथे मी झोपायचे, आणि नेमक्या त्या भिंतीत एकही खिळा नव्हता.

दहा वर्षांची असताना मी तलावाचं एक चित्र काढलं होतं. त्यात बोटीपेक्षा बदक मोठं होतं, तरी शाळेत त्याला बक्षीस मिळालं. मला ते दिवाणावरच्या भिंतीवर लावायचं होतं. बाबा म्हणाले, "खिळा नाही." मी म्हटलं, मग चिकटपट्टी. "रंग निघतो." चित्र गादीखाली गेलं. मी तीन दिवस बाबांशी बोलले नाही. पण तेही मुळात इतकं कमी बोलतात की त्यांना ते कळलं का, याची मला आजही शंका आहे.

हे सगळं आधी सांगायचं कारण, बारावीनंतर मला ज्या कॉलेजात प्रवेश मिळाला ते निवासी होतं. शहराबाहेर पस्तीस किलोमीटरवर, शेतांच्या मध्ये. सगळी मिळून दीडशे मुलं-मुली, आणि मुलींच्या होस्टेलमध्ये प्रत्येकीला स्वतंत्र खोली. छोटी, पण एकटीची. पत्रकातली ही ओळ मी इतक्या वेळा वाचली की कागदाची घडी तिथेच फाटली. दार असलेली खोली! दार लावलं तर माणसं ठोठावून येतील! ज्या मुलीच्या अंथरुणावर रोज सकाळी सहाला पेपर वाचायला कोणीतरी बसतं, तिलाच ह्यातली गंमत कळेल.

पत्रकात आणखी एक ओळ होती आणि ती आईनं वाचली. स्थानिक विद्यार्थिनींना पालकांच्या अर्जावर घरून ये-जा करण्याची परवानगी मिळू शकेल.

"मग अप-डाउन कर की," आई म्हणाली. भोपाळात अर्धं शहर कुठून ना कुठून तरी अप-डाउन करतं. आई स्वतः शाळेत शिकवायला पंधरा वर्षं बसनं जाते-येते. तिनं इंदूरच्या मावशीला फोन लावला, स्पीकरवर. मावशी म्हणाली, "पस्तीस किलोमीटरसाठी होस्टेल? अगं, इंदूरचे लोक एवढं तर पोहे खायला जातात."

मी चिडले. चिडले की माझा आवाज चढतो आणि मुद्दे पळून जातात. मी एवढंच म्हणू शकले की मला खोली हवीय. आई म्हणाली, घरात काय रस्त्यावर झोपतेस का? फॉर्मवर पालकांची सही लागणार होती, निवासी की अप-डाउन, आणि सही बाबांची. बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात ह्या शब्दाचा अर्थ काहीही होऊ शकतो. फ्रिज बदलण्याबद्दल ते सात वर्षं बघत आहेत.

 चार दिवस मी फॉर्म त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला, मग चहाच्या कपाजवळ, मग सरळ चपलांवर. पाचव्या दिवशी ते ऑफिसातून आले ते हातात कागदाची गुंडाळी घेऊन.

बाबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन आहेत. म्हणजे इमारतींचे नकाशे काढतात. आता कॉम्प्युटरवर काढतात, पण पूर्वी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं काढायचे, आणि त्यांची रेघ अजूनही तशीच आहे, न थरथरता जाणारी. त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद उलगडला आणि चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले.

"ही तुझी खोली," ते म्हणाले.

ते होस्टेल चोवीस वर्षांपूर्वी बाबांनीच काढलं होतं. त्यांच्या खात्यानं बांधलेलं, नकाशा त्यांच्या हातचा. मूळ नकाशा ऑफिसातून बाहेर आणायचा नसतो, आणि बाबा नियम मोडणाऱ्यांतले नाहीत. म्हणून चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी त्यातली एक खोली हातानं उतरवून घेतली होती. मी चार दिवस चपलांवर फॉर्म ठेवत होते आणि हा माणूस डबा बाजूला सारून माझी खोली काढत होता. मी नकाशावर वाकले आणि विचारलं, "एवढीच?"

"दहा बाय नऊ. ही खिडकी. हे टेबल. दारातून आत गेलं की उजव्या भिंतीला खाट. खाटेखाली पंधरा इंच." मग त्यांनी डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "इथे खांब चार इंच बाहेर येतो. रॅक करू, मागे खाच ठेवून. पक्का बसेल."

उजव्या भिंतीलगत दोन बारीक समांतर रेघा होत्या. मी विचारलं, हे काय?

"पट्टी. लाकडाची. भिंतीत बसवलेली." त्या रेघांवरून बोट नेत म्हणाले, "खिळे ठोकायला. होस्टेलमधली पोरं खिळे ठोकणारच. मग प्लास्टर पडतं. त्यापेक्षा आपणच पट्टी द्यावी. कोणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनानं टाकली. साहेबांनी सही केली."

"आहे का मग ती तिथे?"

"कुणास ठाऊक. ठेकेदार असल्या गोष्टी आधी गाळतो."

"तुम्ही पाहिलं नाही?"

"ड्राफ्ट्समन साइटवर जात नाही. आम्ही काढतो, बांधणारे बांधतात."

आता मी भडकले. स्वतःच्या मुलीला एक खिळा न देणाऱ्या माणसानं लोकांच्या मुलींना भिंतभर पट्टी दिली होती! मी म्हटलंच तसं, तोंडावर. आई पोळी लाटता लाटता थांबली. बाबांनी जरा विचार केला. "तेव्हा तू नव्हतीस," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि हे घर मी काढलेलं नाही." आणि त्यांनी पेन मागितलं आणि फॉर्मवर सही केली. निवासी. आईनं लाटणं आपटलं, पण जोरात नाही.

त्या संध्याकाळपासून मला खोलीइतकीच ती पट्टी हवी होती. असायलाच हवी होती. माझं चित्र लागावं म्हणून तर खरंच, पण बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट कोणी न सांगता केली होती आणि ती कोणीतरी गाळून टाकली असेल, हे मला सहन होईना.

मग तयारी सुरू झाली आणि आम्ही तिघंही जरा वेडे झालो. आई दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा मोठी यादी घेऊन उभी राहिली. बादली, मग, दोरी, चिमटे, चिवड्याचा डबा, लाडवांचा डबा, आणि लाडू संपल्यावर रिकामा परत आणायची ताकीद. नेहरू नगरच्या भांड्यांच्या दुकानातून ताट, वाटी, पेला घेतला. दुकानदार नाव घालायचं मशीन घेऊन बसला आणि त्यानं विचारलं, "किसका नाम?" आमच्या घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर बाबांचं नाव आहे, अगदी चहाच्या गाळणीवरसुद्धा. आई म्हणाली, "बिटिया का." मशीन खर्रकन चाललं. घरी येईपर्यंत मी पिशवीत हात घालून त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते.

पेटी जुन्या शहरातल्या पेटीवाल्याकडून करून घेतली. बाबांनी माप सांगितलं: उंची चौदा इंच, खाटेखाली सरकायला एक इंच मोकळा. पेटीवाला म्हणाला, पंधराची तयार आहे, घेऊन जा. बाबा म्हणाले, चौदा. तो म्हणाला, तेराची आहे. बाबा म्हणाले, चौदा. शेवटी तो म्हणाला, "मियाँ, पढ़ने बेटी जा रही है कि पेटी?" मी हसले. बाबांनी टेप उघडून पुन्हा चौदा दाखवलं.

रॅक त्यांनी स्वतः बनवला. प्लायवूडचा, तीन कप्प्यांचा, मागच्या डाव्या कोपऱ्याला चार इंचांची खाच. सगळा स्क्रूंवर, हातोडीशिवाय. रोज ऑफिसातून आले की शर्ट बदलून ओट्यावर बसायचे आणि शेजारचे विचारायचे, काय चाललंय. इतर वेळी मान हलवून मोकळे होणारे बाबा सांगायचे, "मुलीची खोली." मी आतून ऐकायचे. मला इतका आनंद व्हायचा की मी उगाच जाऊन पाणी प्यायचे.

गादी उचलली तेव्हा ते चित्र सापडलं. मधोमध घडी पडलेली, बदकाची मान मोडलेली. मी ते ताटाखाली, पेटीच्या तळाशी ठेवलं. कोणाला सांगितलं नाही.

जायच्या दिवशी भाड्याच्या गाडीत पेटी मागे, रॅक टपावर, आई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशातून पेन काढून ठेवलं होतं, त्याऐवजी खिसा कशानं तरी फुगलेला. मी खिडकीतून बाहेर बघत सगळ्या सोयाबीनच्या शेतांना मनात सांगत होते, माझी खोली आहे, माझी खोली आहे. अठराव्या वर्षी माणूस इतका बावळट असू शकतो.

होस्टेल दुमजली होतं, पिवळं. बाबा गाडीतून उतरले आणि फाटकाशीच थांबले. चोवीस वर्षांनी ते ती इमारत पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, ओठ हलत होते. "चौदा," ते म्हणाले, "बरोबर." वॉर्डन मॅडमनं किल्ली माझ्या हातात दिली, बाबांच्या नाही. खोली वरच्या मजल्यावर, मधल्या बोळाच्या एका अंगाला. मी कुलूप उघडलं. आत रंगाचा वास भरून राहिला होता. नुकतंच रंगकाम झालेलं, भिंती सगळ्या सारख्या फिकट पिवळ्या, आणि खाट, टेबल खोलीच्या मधोमध ओढून ठेवलेलं.

मी आधी खिडकी उघडली. बाहेर पेरूचं झाड होतं. मला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडलेही थोडीशी.

बाबा सरळ उजव्या भिंतीकडे गेले. त्यांनी तळवा भिंतीवरून फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. सगळीकडे तोच भरीव आवाज. ते पुन्हा पहिल्या टोकाला गेले आणि पुन्हा ठोकत आले. मी आणि आई बघत उभ्या.

"नाही केली," ते म्हणाले. "चालायचंच."

एवढंच म्हणाले आणि रॅक उचलायला वळले. त्यांची पाठ दिसत होती. मला त्या न पाहिलेल्या ठेकेदाराचा गळा धरावासा वाटला. इतक्या सुंदर खोलीत उभं राहून मला रडू येत होतं, आणि ते रडू माझ्यासाठी नव्हतं.

बाबांनी रॅक डाव्या कोपऱ्यात सरकवला. पक्का बसेना. खाच होती, पण कोपऱ्यात खांबच नव्हता. कोपरा साफ काटकोनी. खाचेतून भिंत दिसत होती, पडलेल्या दातासारखी. बाबांनी रॅक मागे घेतला, पुन्हा लावला. टेप काढली. खांब होता, पण उजव्या कोपऱ्यात. बाबांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधीच पाहिला नव्हता.

आई लाडवांचा डबा घेऊन खाटेवर बसली होती. तिनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "अहो, ही खोली उलटी आहे."

बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या. ड्राफ्ट्समन एका अंगाची एकच खोली काढतो आणि खाली टीप लिहितो की समोरच्या अंगाच्या खोल्या अशाच, उलट बाजूनं. सगळ्या खोल्या कोण काढत बसणार? ती टीप बाबांनीच लिहिली होती, चोवीस वर्षांपूर्वी. पण जेवणाच्या सुट्टीत नकाशा उतरवताना त्यांनी फक्त खोली घेतली, टीप सोडून दिली. नकाशातलं उजवं ते इथे डावं होतं. ज्या माणसानं इतकी दारं काढली, त्याला हे दार भलत्या बाजूला उघडतंय हेसुद्धा दिसलं नव्हतं. इतके ते त्या पट्टीसाठी अधीर झाले होते.

 बाबा तीन ढांगांत डाव्या भिंतीशी गेले आणि ठोकलं. भरीव. जरा वर ठोकलं. आवाज बदलला. मऊ, पोकळ, लाकडाचा. ते ठोकत ठोकत भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले, आणि तो आवाज त्यांच्याबरोबर गेला. रंगाखाली बोट फिरवलं तर बुजलेली भोकं लागत होती, कितीतरी. चोवीस वर्षांच्या मुलींची.

"आहे," बाबा म्हणाले. आणि ते हसायला लागले. आमचे बाबा आवाज करून हसतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी तो फुगलेला खिसा रिकामा केला. कागदाची पुडी, त्यात खिळे, मूठभर. आणि पिशवीतून एक कोरी करकरीत हातोडी. आई म्हणाली, "ही कधी घेतली?" बाबा म्हणाले, "नेहरू नगरला. तुम्ही भांडी बघत होतात तेव्हा." त्यांनी हातोडी माझ्यापुढे धरली. "ठोक."

मी ती घेतली आणि त्यांना परत दिली. "पहिला तुमचा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं, कोणी येत नाही ना असं. मग खिळा धरला आणि ठोकला. पहिला घाव बोटाला लागला, दुसरा खिळ्याला, आणि खिळा तिरका आत गेला. ज्या हातानं आयुष्यात वाकडी रेघ काढली नाही, त्यानं. ते लगेच उपटायला निघाले. मी म्हटलं, राहू द्या. पेटी उघडून, ताट बाजूला करून, मी ते चित्र काढलं आणि त्यावर लावलं. बाबांनी ते ओळखलं. ते बदकाची मोडलेली मान अंगठ्यानं सपाट करत राहिले.

रॅक समोरच्या खोलीत गेला. तिथल्या मुलीच्या कोपऱ्यात तो पक्का बसला आणि त्या मुलीशी माझी मैत्री झाली ती त्यामुळेच. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, रॅकवर अर्धी पुस्तकं माझी आणि अर्धी तिची.

पण सांगायचं राहिलं ते असं. मी होस्टेलला गेल्यावर आठवड्याभरानं आईचा फोन आला. लाडू संपले का, डबा जपून ठेव, वगैरे झालं. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, आज ह्यांनी घरात खिळा ठोकला."

मी म्हटलं, सरकारी भिंतीत?

"हो ना. तुझ्या दिवाणावरच्या. चांगला सरळ गेलाय ह्या वेळेस."

"काय लावलंय त्यावर?"

"काही नाही. मी म्हटलं, घड्याळ तरी लावा, दार लावायचा त्रास वाचेल. तर म्हणाले, नको, ती जागा तिची आहे. ती आली की ठरवेल."